आईच्या वाट्याचा भात

उश्तोबे, ९ ऑक्टोबर

इन्येसा, पोरी,

दर रविवारी फोनवर तुझा एकच मेसेज येतो, "साखर किती?" मी आकडा कळवतो. मग पुढच्या रविवारपर्यंत तूही गप्प आणि मीही गप्प. या रविवारी मात्र तू आणखी एक ओळ लिहिलीस, "पापा, तुम्ही खोटं बोलताय. भात खाताय." तुझी आई गेल्यापासून एवढं लांब वाक्य तुझ्याकडून आलं नव्हतं, म्हणून आधी जरा बरंच वाटलं. राग नंतर आला.

फोनवर भांडायला मला जमत नाही. ते तुझ्या आईला, एम्माला जमायचं. मी जन्मभर पाटकरी. कालव्यावर ज्याच्याशी भांडायचं तो खांद्यावर फावडं घेऊन समोर उभा असायचा आणि भांडण संपलं की दोघं मिळून दार उघडून पाणी सोडायचो. म्हणून हे पत्र लिहितोय. नोगाईंची सून पुढच्या आठवड्यात कोरियाला, अन्सानला परत कामावर निघाली आहे. तिच्या पिशवीत वाळवलेल्या वांग्यांखाली हे पत्र असेल. वांगी तुला, तिला नाहीत.

तर ऐक. डॉक्टरीणबाईंनी मला साखर निघाली असं सांगितलं, त्या दिवसापासून माझ्या नावाचा एक दाणा मी शिजवलेला नाही. सकाळी कुट्टूच्या तपकिरी कण्या, दुपारी कुट्टू, रात्री उरलेला कुट्टू. शेजारची कुल्याश म्हणते, "रोदिओन, आणखी महिनाभर हे खाल्लंस तर तुला खोगीर घालून बाजारात न्यावं लागेल." तिला काय, कझाख बाई, घोडा दिसला की तिला दोनच गोष्टी सुचतात, बसायचं किंवा शिजवायचं.

तू नर्स आहेस. आईला पोचवायला आलीस त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर "तुमच्या भातानं आई गेली" असं म्हणालीस, तेव्हाही मी तुझ्या शिक्षणाचा मान ठेवला आणि उलट बोललो नाही. आताही बोलत नाही. पण खोटारडा म्हणू नकोस. खोटं बोलायचं असतं तर मी आकडाच कमी कळवला असता.

नवा तांदूळ आला आहे. यंदा काराताल नदीला पाणी बरं होतं. तुझ्या आईचं दुसरं वर्षश्राद्ध एकवीस फेब्रुवारीला येतं. त्या दिवशी दुखवटा संपतो आणि कोपऱ्यातलं तिच्या फोटोचं टेबल उचलायचं असतं. येशील का, असं मी विचारत नाही. फक्त तारीख कळवली.

तुझा पापा


उश्तोबे, १६ नोव्हेंबर

इन्येसा,

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. कुल्याशही होती, तिचं रक्तदाबाचं. मला वाटलं ती बाहेर बसेल, पण ती माझ्याबरोबर आत येऊन खुर्चीत बसली. मी विधुर, ती विधवा, दोघं एका दारातून आत शिरलो म्हणून नर्सबाई उगाच हसली.

डॉक्टरीण सलतानात बाई वयानं तुझ्याएवढ्या असतील. शितावरून भाताची परीक्षा करतात तशी त्यांनी बोटातल्या एका थेंबावरून माझी केली. आकडा बघून म्हणाल्या, "ओगाई आजोबा, भात?"

"नाही."

"थोडासा?"

"माझ्या नावाचा एक दाणा नाही."

"ब्रेड? बटाटे? गोड चहा?"

"एक चकती. नाही. नाही."

"मग ही साखर काय वाऱ्यावरून आली?"

यावर कुल्याशनं तोंड उघडलं. "डॉक्टर, याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच रोज सकाळी वाफेनं ओली असते. मी गाईला चारा घालायला निघते तेव्हा मला वास येतो. भाताचाच वास आहे, मीठ नाही, तेल नाही, असलं फिकट अन्न दुसरं कोण शिजवतं?"

"तो माझा नाही," मी म्हणालो.

"मग कुणाचा? तुमच्या घरात आणखी कोण राहतं?"

"बायको."

बाईंनी समोरच्या कागदावर पाहिलं. तिथे काय लिहिलं होतं मला ठाऊक आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज जरा मऊ केला. म्हणाल्या, "बरं. तिच्यापुढे ठेवता. आणि वाफ गेल्यावर तो भात कुठे जातो?"

मी म्हणालो, माझी बस सुटेल.

हे तुला मीच सांगतोय, कारण कुल्याश तिच्या पद्धतीनं सांगेल. हो, मी रोज सकाळी तुझ्या आईच्या फोटोपुढे एक वाडगा ठेवतो. हल्ली कुणी ठेवत नाही, वर्षातून एकदा कबरीवर नेतात आणि मोकळे होतात. पण माझ्या आमेनं, म्हणजे आजीनं, आजोबांपुढे दोन वर्षं रोज ठेवला होता, मी लहानपणी पाहिलंय. चमचा भातात रोवायचा, त्याची दांडी गेलेल्या माणसाकडे करायची आणि वाफ विरेपर्यंत गप्प बसायचं. वाफ त्यांची. तेवढा वेळ घरात दोघं असल्यासारखं वाटतं.

तुझा पापा


उश्तोबे, १२ डिसेंबर

इन्येसा,

तूही अगदी डॉक्टरीणबाईंसारखंच विचारलंस, "नंतर त्या भाताचं काय करता?" इथे बस नव्हती, म्हणून उत्तर देतो.

टाकता येत नाही. कोरियन लोकांना उचलून इथे आणून टाकलं तेव्हा आमेनं पहिली वर्षं बाजरी-कण्या खाऊन काढली होती. जमिनीवर पडलेलं शीत ती बोटानं टिपून तोंडात घालायची आणि आमच्याकडे बघायची. त्या नजरेत वाढलेला माणूस भात कचऱ्यात टाकू शकत नाही. आमच्या घरी पांढरा भात हा पथ्याचा विषय कधीच नव्हता. तो ताटात दिसला की यंदा बरं चाललंय, एवढाच त्याचा अर्थ. पाहुण्याला पांढरा भात, बाळंतिणीला पांढरा भात, मेलेल्याला पांढरा भात.

कोंबड्या तुझ्या आईच्या मागे मी देऊन टाकल्या. एकदा कुल्याशच्या कुत्र्याला घातला. त्यानं दोन घासांत संपवला आणि तोंड चाटत माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, एम्माच्या ताटावर मी कुत्रा बसवला. पुन्हा नाही घातला.

तेव्हा मीच खातो. गेलेल्याच्या पानातलं घरच्यांनी खायचं असतं, तो त्यांनी आपल्याला दिलेला घास. माझ्या हिशेबानं मी भात खातच नव्हतो, तुझ्या आईचं उरलेलं संपवत होतो. सलतानात बाईंच्या कागदात असा रकाना नाही, हे मला ठाऊक आहे. वाडगा लहान नाही, हेही ठाऊक आहे. तिला लहान वाडगा ठेवायला मन धजलं नाही.

आता तू ओरडशील. ओरड. पण एक विचारतो. नोगाईंच्या सुनेनं घरी फोनवर सांगितलं, तू ज्या वृद्धाश्रमात काम करतेस तिथे सकाळी सगळ्यांना पांढऱ्या भाताची पेज असते आणि तीन म्हातारे तुझ्या हातूनच खातात, दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाहीत. त्यांतल्या कुणालाच साखर नाही का? मी टोमणा मारत नाही. खरं म्हणजे मारतोय. पण तू त्यांना भरवतेस हे ऐकून त्या दिवशी मला झोप चांगली लागली.

तुझा पापा


उश्तोबे, २० जानेवारी

इन्येसा,

तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. तू लिहिलंस, "आईपुढे काहीतरी ठेवायचंच असेल तर कुट्टू ठेवा. तो खाल्लात तरी मला चालेल." म्हटलं, पोर सांगते तर करून बघू.

सकाळी कुट्टू शिजवला, तिच्या वाडग्यात भरला आणि टेबलापर्यंत गेलो. तिथून परत आलो. गेलेल्यापुढे तपकिरी अन्न ठेवत नाहीत हे तर आहेच, आमेनं माझे कान उपटले असते. पण ते कारण नव्हतं. एम्मानं तो बघताक्षणी ओळखला असता. शेवटचा अख्खा हिवाळा तिनं...

जाऊ दे.

वाडगा रिकामाच ठेवला. मग मलाही समोर बसून काही खावंसं वाटलं नाही. गोळी मात्र घेतली, गोळीच्या बाबतीत मी शिस्तीचा आहे. दुपारी जरा चक्कर आली. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसलो, उठता येईना. कुल्याश दूध द्यायला आली होती म्हणून बरं. तिनं माझ्या तोंडात जॅमचा चमचा कोंबला आणि वर शिव्या दिल्या. दोन्ही लागू पडलं. आता मी ठणठणीत आहे.

हे तुला कळवणार नव्हतो. पण कुल्याशनं तिच्या नातवाकडून तुझा नंबर घेतल्याचं कळलं. बाई काय काय बोलते कुणास ठाऊक. निम्मं सोडून दे.

तुझा पापा


उश्तोबे, २ फेब्रुवारी

इन्येसा,

तू गेल्या आठवड्यात फोनवर नुसती रडत होतीस आणि मी "हॅलो, हॅलो" करत होतो. मला फोनवर काही जमत नाही हे आता तुला पटलं असेल.

कुल्याशनं तुला आईच्या शेवटच्या पहाटेचं सांगून टाकलं म्हणून मी तिच्यावर चिडलोय. तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती कुंपणावरून म्हणाली, "पोर दोन वर्षं तुला दोष देत बसली आणि तू तो लोणच्यासारखा मुरवलास. मी का गप्प बसू? उद्या तू त्या भिंतीला टेकलेला मेलास तर तिला कोण सांगणार होतं?" तिच्यापुढे माझं काय चालणार.

तिनं अर्धवट सांगितलं असेल. तेव्हा सगळं माझ्याकडूनच ऐक.

तुझी आई त्या हिवाळ्यात अधूनमधून भात मागायची. मी म्हणायचो, इन्येसा नको म्हणते. मग ती हसायची आणि कुट्टूचं ताट पुढे ओढायची. म्हणायची, "बरं, इन्येसाचा भात आण मग. पोर इतक्या लांबून वाढतेय, टाकायचं कसं?" तिनं ते ताट एकदाही अर्धवट ठेवलं नाही. हे नीट वाच. तू उपाशी ठेवलंस म्हणून ती खात नव्हती, तू वाढलंस म्हणून खात होती.

त्या पहाटे मात्र ती हसली नाही. म्हणाली, "रोदिओन, एक घास. गरम." कुल्याश आदल्या दिवसापासून आमच्याकडेच होती. ती म्हणाली, "दे की रे. आता कसलं पथ्य." मी तांदूळ धुतले आणि चढवले. आपला तांदूळ वाफेवर मुरेपर्यंत झाकण उघडायचं नसतं. मी झाकण उघडलं नाही. वाडगा भरून आणला तेव्हा कुल्याश एम्माचे डोळे मिटत होती.

तोच वाडगा तुला खिडकीत दिसला, चमच्यासकट. तो हलवायला कुणाचा हात होत नव्हता. तू विमानतळावरून आलीस, कोटही काढला नव्हतास, आणि विचारलंस, "भात चारत होतात तिला?" मी हो म्हणालो.

दुसरं काय सांगणार होतो? तिनं मागितला आणि तुझ्या शब्दाखातर मी दिला नाही, असं सांगून तुला परत विमानात बसवायचं? तुझा राग मला झेपतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की गावभराच्या शिव्या खाल्लेला माणूस आहे मी. पण तू तिथे परक्या गावात, परक्या म्हाताऱ्यांना भरवत, हे घेऊन एकटी कशी राहिली असतीस?

आता ते तुला कळलंच आहे, तर निदान माझंही कळू दे. तुझं चुकलं नव्हतं. तिची साखर त्या हिवाळ्यात खरंच खाली आली होती. हृदयच थकलं होतं, त्याला भातही थांबवू शकत नव्हता आणि कुट्टूही. भातानं ती गेली नाही आणि भाताविना गेली असंही नाही. फक्त एक घास राहिला. तो मी रोज तिच्यापुढे ठेवत होतो.

सलतानात बाईंना परवा सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला भात बंद करा असं मी कधी सांगितलं? कमी करा म्हणाले होते." मी आठवून पाहिलं, खरंच तसं म्हणाल्या होत्या. पण माझ्या कानात तुझा आवाज आधीच बसलेला होता. त्यांचं म्हणणं असं, कालव्यावर दिवसभर चालत होतो तेव्हा तीन वाडगे पचत होते, आता खिडकीशी बसून एकही जास्त होतो. माझी गोळी त्यांनी बदलली आणि म्हणाल्या, अर्धा वाडगा. आधी कोशिंबीर आणि मासा, मग भात, मग एक फेरी मारून यायची, आणि आकडा बघायचा. वाढला तर आणखी कमी. "भात विष नाही आणि औषधही नाही," म्हणाल्या, "पण मेलेल्या माणसाचा पूर्ण वाडगा जिवंत माणसाला रोज झेपत नाही."

एकवीसला मी तिचा वाडगा नेहमीसारखा पूर्ण भरणार आहे. अर्धा मला चालेल. उरलेला अर्धा कुल्याश खाईन म्हणते, पण वर मटण लागेल असं तिनं आत्ताच बजावलंय.

यायला जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. मला एकट्यानं बसायची सवय आहे. हे मात्र खोटं लिहिलं. सवय अजून झालेली नाही.

तुझा पापा


उश्तोबे, २५ मार्च

इन्येसा, पोरी,

तू गेल्यावर घर पुन्हा मोठं झालं. तू इथे होतीस तेव्हा मी म्हणायचो की सारखी दारं आपटतेस. आता संध्याकाळी मीच एखादं आपटून बघतो.

कुल्याश तुझी आठवण काढते. म्हणते, "पोरीला भात करता येत नाही, पाणी जास्त घालते." मी म्हणालो, तिला तीन म्हाताऱ्यांची सवय आहे. पण तू पातेल्यासमोर उभी राहिलीस, हात झाकणाकडे नेलास आणि परत घेतलास, ते मी पाहिलं. तू तशीच उभी राहून रडलीस. मी मुद्दाम बाहेर लाकडं आणायला गेलो. लाकडं काही लागणार नव्हती.

तू चमचा रोवलास, दांडी तिच्याकडे केलीस. वाफ विरेपर्यंत आपण तिघं बसलो, कुल्याशसुद्धा गप्प बसली, हे तुझ्या आईला खरं वाटलं नसतं. मग तू वाडग्याचे दोन भाग केलेस आणि जास्तीचा स्वतःकडे ओढलास. "हा माझा," म्हणालीस. आज सांगतो, दोन वर्षांनी माझ्या खांद्यावरून कुणीतरी फावडं काढून घेतल्यासारखं वाटलं.

टेबल आता पडवीत आहे. त्यावर टोमॅटोची रोपं ठेवलीत, तिला चाललं असतं. तू धुऊन उपडा घातलेला तिचा वाडगा फळीवर तसाच आहे. पहिल्या काही सकाळी हात तिकडे गेला. काढला नाही. तू गेल्यावर चार दिवस नुसता कुट्टूच खाल्ला, कारण भात कुणासाठी शिजवायचा हेच कळेना.

आज सकाळी माझ्या स्वतःच्या वाडग्यात तांदूळ मोजले. अर्धा वाडगा होईल एवढेच. धुतले, चढवले, झाकण उघडलं नाही. आधी गाजराची कोशिंबीर खाल्ली, मग माशाचा तुकडा, जसं तू भिंतीवर लिहून ठेवलंस तसं. मग भात घेतला आणि खिडकीशी बसलो. काच ओली होती. कुल्याश बाहेरून चारा घेऊन जाताना थांबली आणि खुणेनं विचारलं, कुणाचा? मी माझ्या छातीला बोट लावलं.

आकडा रविवारी कळवीन. तू विचारलं नाहीस तरी कळवीन.

एक गोष्ट मी पार विसरलो होतो, पोरी. दोन वर्षं मी निवलेला भात खात होतो, कारण वाफ तिची असायची. आज सवयीनं मोठा घास घेतला, आणि जीभ भाजली.

तुझा पापा